चाकातल्या हवेची घंटी कशी निवडावी: गोंडपिपरीकर नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

तुमच्याकडे मोटारसायकल आहे, तिला दोन चाकं आहेत आणि चाकांत हवा आहे असा तुमचा समज आहे. एवढं असलं की या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. पूर्वपरीक्षा नाही, फी नाही. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीहून रोज शाळेत गाडीनेच जातो, त्यामुळे धडे पाडून शिकवायची सवय आहे आणि पंक्चरचा अनुभव त्या सवयीहून जुना आहे.

साहित्य: गाडी, फोन, एक पाना, साबणाचं पाणी (वाटेत ते नसतंच, तेव्हा थुंकी) आणि असा एक पंक्चरवाला, ज्याचा फोन रात्री नऊनंतरही लागतो. पहिल्या चार गोष्टी कुठेही मिळतात.

धडा पहिला: ओळख

टायरमधल्या हवेचा दाब सांगणाऱ्या या यंत्राला इंग्रजीत चार अक्षरी नाव आहे, टीपीएमएस. आमच्या पंक्चरवाल्याने ते एकदा ऐकलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा ‘हवेची घंटी’ असं नाव ठेवून मोकळा झाला. इथे तेच चालेल.

मोटारसायकलच्या घंटीत तीन वस्तू येतात. दोन टोप्या, म्हणजे वॉल्व्हच्या प्लास्टिकच्या टोपणाच्या जागी बसणाऱ्या, आणि हँडलवर बसवायचा काडेपेटीएवढा पडदा. टोपीत दाब मोजणारा सेन्सर, नाण्यासारखा चपटा सेल आणि इवलासा रेडिओ असतो. बऱ्याच टोप्या 433 मेगाहर्ट्झच्या आसपास पडद्याशी बोलतात, काही ब्लूटूथने थेट फोनशी बोलतात. दोघींनाही टॉवर लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण धाबा गावाच्या पुढच्या जंगलात फोनच्या दांड्या एकेक करून मावळतात आणि घंटी बघितली की इथला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

इतिहास थोडक्यात. मोटारगाडीत ही सोय पहिल्यांदा आली ती 1986च्या पोर्शे 959मध्ये. सक्ती आली अमेरिकेत. फोर्ड एक्सप्लोररवर बसवलेल्या फायरस्टोन टायरांचे अपघात गाजले, 2000 साली लाखो टायर परत मागवले गेले, त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर 2007पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत घंटी आली. आपल्याकडे जुलै 2020मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले: साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि ही घंटी असेल तर स्टेपनी बाळगायची गरज नाही. म्हणजे सरकारी हिशेबाने घंटी ही स्टेपनीची वारसदार.

मोटारसायकलवाल्याला या बातमीचं सुतक नाही, कारण त्याला स्टेपनी कधी नव्हतीच. ती असायची चेतक स्कूटरला. आमच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या चेतकची स्टेपनी इतकी वर्षं एकाच जागी बसून होती की, ऐन वेळी काढली तेव्हा तिच्यातही हवा नव्हती. तीही सेवानिवृत्त झाली होती.

धडा दुसरा: आधी खाली वाका

घंटी घ्यायची म्हणून लोक फोन उघडतात. ते नंतर. आधी गाडी मेन स्टँडवर लावा, खाली वाका आणि टायरच्या कडेला ‘ट्यूबलेस’ अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली आहेत का ते पाहा. असतील तरी लगेच हुरळून जाऊ नका. गाडी खड्ड्यात आदळून रिम वाकली, कडेने हवा झिरपू लागली की आपल्याकडे त्याच ट्यूबलेस टायरात गुपचूप ट्यूब घालून देतात. गाडी जुनी घेतली असेल तर आत काय आहे, ते तुम्हाला नसलं तरी पंक्चरवाल्याला माहीत असतं. त्याला विचारा. तारांचं चाक असेल तर विचारायची फारशी गरज नाही, आत बहुतेक ट्यूबच असणार.

हा भेद एवढा का महत्त्वाचा? ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर तो बहुतेक वेळा रुतून बसतो आणि रबर त्याला घट्ट धरून ठेवतं. हवा जाते, पण सरकारी फायलीच्या वेगाने. सकाळी अठ्ठावीस, दुपारी सव्वीस, संध्याकाळी तेवीस. अशा गळतीत घंटी सोन्यासारखी. ती वेळेवर सांगते, तुम्ही खिळा उपसत नाही (उपसू नकाच), सावकाश दुकान गाठता, तिथे चिकट दोरी घालून घेता आणि घरी जेवायला वेळेत पोचता.

ट्यूबचं तसं नाही. ट्यूबला भोक पडलं की हवा त्या भोकातून टायरच्या आत आणि तिथून तारांच्या व वॉल्व्हच्या फटींतून बाहेर पळते. खिळा टायरमध्ये हलत राहतो आणि ट्यूबला आणखी एक-दोन भोकं पाडून देतो. अशा वेळी घंटी वाजते आणि तुमची बैठक डुलायला लागते, दोन्ही जवळजवळ एकदमच. फरक इतकाच की, बैठकीला सेल लागत नाही.

तेव्हा नियम असा: गाडी ट्यूबलेस असेल तर घंटी घ्या. ट्यूबची असेल तर त्या पैशांत दोन चांगल्या ट्यूबा, एक पायपंप आणि हातात मावणारं दाब मोजायचं मीटर घ्या. माझी गाडी ट्यूबची आहे. मी घंटी घेतली. मास्तर जे शिकवतो ते त्याने करावंच असा कोणताही शासन निर्णय नाही.

धडा तिसरा: टोपी बाहेरची की आतली

आतला सेन्सर रिमच्या आत, वॉल्व्हच्या बुडाशी बसतो. त्यासाठी टायर उतरवावा लागतो आणि चाक ट्यूबलेसच हवं. तो पडत नाही, चोरीला जात नाही, चिखल-पावसाशी त्याचा संबंध नाही. सेल मात्र आतच बंद असतो, काही वर्षांनी तो संपला की अख्खा सेन्सर बदलावा लागतो. शिवाय टायर बदलणाऱ्याला आत काय आहे हे आधी सांगावं लागतं. आपल्याकडे टायर लोखंडी पट्टीने उचकटतात आणि पट्टीला नाजूक वस्तूंची ओळख नसते.

बाहेरची टोपी दोन मिनिटांत बसते आणि तेवढ्याच वेळात कुणीही ती काढून नेतो. म्हणून तिच्याखाली एक चपटा नट देतात, सोबत छोटा पाना. हा पाना हरवतो. मी तुम्हाला सावध करत नाही, फक्त पुढे काय होईल ते सांगतो. पाना हरवला की पंपावर हवा भरायला टोपी निघत नाही, पंपवाला पकड आणतो, पकडीने टोपी निघते आणि वॉल्व्हही निघतो.

आता ती गोष्ट, जी खोक्यावर छापलेली नसते. वॉल्व्हच्या आत एक बारीक पिन असते. पिन दाबली की हवा बाहेर येते. लहानपणी शेजाऱ्याच्या सायकलची हवा सोडताना आपण काडीने दाबायचो, तीच. साधं टोपण त्या पिनेला हात लावत नाही, फक्त धूळ अडवतं. घंटीच्या टोपीला मात्र आतला दाब मोजायचा असतो, त्यामुळे ती पिन सतत दाबून धरते. म्हणजे टोपी बसवल्या क्षणापासून टायरची हवा पिनेच्या भरवशावर नसते. ती असते टोपीच्या आतल्या, करदोट्याच्या मण्याएवढ्या रबरी कडीच्या भरवशावर.

मी घंटी बसवली त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी पडदा म्हणाला, मागे एकोणीस. हवा भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. पंक्चरवाल्याने चाक खोललं, ट्यूब बाहेर काढली, फुगवून घमेल्यातल्या पाण्यात वीतभर वीतभर करत सगळी फिरवली. एक बुडबुडा नाही. ट्यूब परत घातली, हवा मारली, टोपी बसवली. मग त्याने तर्जनी जिभेला लावली आणि टोपीच्या बुडाशी थुंकीचा एक थेंब ठेवला. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. थेंब आधी तसाच राहिला. मग त्याच्या मधोमध मोहरीएवढा फुगा आला, मोठा झाला, फुटला. पुन्हा दुसरा आला.

‘‘मास्तर, ट्यूब बरी आहे. ही तुमची घंटीच हवा खाऊन रायली.’’

हवा गेली हे सांगायला बसवलेलं यंत्रच हवा घालवत होतं, आणि वर प्रामाणिकपणे तसं कळवतही होतं. आमच्या पंचायत समितीत अशी दोन-तीन माणसं आहेत. नवी रबरी कडी खोक्यात जादाची दिलेली होती. ती बसवली आणि प्रकरण मिटलं. चाक खोलल्याचे पैसे मात्र द्यावे लागले.

आणखी एक हिशेब. टोपी असते दहा-एक ग्रॅमची, पण ती चाकाबरोबर गरगर फिरते. ताशी साठच्या वेगाला तिच्यावरचा बाहेरचा ओढा तिच्या वजनाच्या साठपट होतो, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त. एवढी ओढ ट्यूबच्या रबरी बुडावर रोज सोसायची. स्वस्त ट्यूब ती फार दिवस सोसत नाही. म्हणून टोपी जितकी हलकी आणि बुटकी तितकी बरी. बसवल्यावर चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर टोपी कॅलिपरला घासत नाही ना, हे जिथे कळायला हवं ते अंगणात. रस्त्यावर कळलं तर टोपी सापडत नाही.

धडा चौथा: मागवणे

चंद्रपुरात मिळते म्हणतात. पन्नासेक किलोमीटर जाऊन विचारलं तर दुकानदार कारची दाखवतो, चार टोप्यांची. उरलेल्या दोन टोप्यांचं काय करायचं, असं विचारलं तर म्हणतो, ठेवा, कामी येतील. म्हणून ऑनलाइन. तिथे एकच अडचण: पत्त्याच्या यादीत आपलं गाव कधी गोंडपिपरी असतं, कधी गोंडपिंपरी. अनुस्वार लागला की आपण पुणे जिल्ह्यात जातो. मला एका कुरियरवाल्याचा फोन आला होता, ‘‘सर, चिंचवडच्या कोणत्या बाजूला येऊ?’’ मी म्हटलं, बल्लारपूरच्या पुढे, कोठारीच्या पुढे. तो थोडा वेळ गप्प राहिला. पार्सल अकरा दिवसांनी आलं.

रंग: काळा घ्या.

धडा पाचवा: आकडे

हा धडा मोठा आहे. वर्गात झोपणाऱ्यांनी इथे जागं राहावं.

खोकं उघडल्यावर मी टोप्या बसवल्या, गाडी काढली. पडदा कोरा. गाडी उभी असताना टोप्या सेल वाचवायला झोपतात आणि चाक फिरलं की जाग्या होतात, हे नंतर वाचलं. म्हणजे चाकात हवा नाही ही बातमी तुम्ही घरून निघाल्यावर मिळते. असो. बसस्टँडपर्यंत गेलो आणि पडद्यावर आलं: पुढे 1.7, मागे 1.9. माझ्या पोटात गोळा आला. दीड-दोन हवेवर मी इतकी वर्षं गाडी चालवतोय? तसाच पंपावर गेलो. पंपावर हवा फुकट देणं तेल कंपन्यांच्या नियमांत बसतं. हवेजवळ माणूस असणं बहुधा बसत नसावं. त्याला शोधून आणलं, म्हटलं, भर. त्याने मीटर लावलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘पंचवीस आहे ना भाऊ. अजून किती टाकू?’’

पडदा बारमध्ये बोलत होता. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, 1.7 म्हणजे पंचवीसच्या जवळपास. पीएसआय हे एकक गोंडपिपरीत कुणी तोंडाने म्हणत नाही. ‘पुढे पंचवीस, मागे तीस’ एवढंच म्हणतात आणि जगाचं काम भागतं. तेव्हा पडदा हातात आल्यावर पहिलं काम, एकक बदलणे. बटण एकच असतं, किती सेकंद दाबायचं ते चिनी-इंग्रजीत लिहिलेलं असतं.

दुसरं काम, धोक्याची रेघ ठरवणे. खोक्यातून येताना ही रेघ अनेकदा मोठ्या गाड्यांच्या मापाने लावलेली असते. माझ्या घंटीची होती सव्वीसवर. माझ्या शंभर सीसीच्या पुढच्या चाकाचा मुळातला दाबच पंचवीस. म्हणजे सगळं ठीक असणं हाच तिच्या लेखी धोका. दोन दिवस ती अखंड वाजली. अंगणात सुरू झाली की घरातून आवाज यायचा, ‘‘ते काऊन बोंबलून रायलं? बंद करा ना.’’ अमेरिकेच्या नियमात ठरलेल्या दाबाच्या पंचवीस टक्के खाली गेल्यावर दिवा लागतो. तो हिशेब आपल्यालाही चालतो. पंचवीसचं चाक असेल तर एकोणीस, अठ्ठावीसचं असेल तर एकवीस. ठरलेला दाब किती, ते गाडीच्या पुस्तकात किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतं. एकट्यासाठी वेगळा, मागे माणूस असेल तर मागच्या चाकाला वाढीव. धानाचं अर्धं पोतं, दोन मुलं आणि सासूबाई यांच्यासाठी किती, ते कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही.

आता ऊन. आठवीच्या विज्ञानात आहे: बंद भांड्यातल्या वायूचं तापमान वाढलं की दाब वाढतो. टायर हे बंद भांडं. वर्गात हे वाक्य पाठ असणारी पोरं मोठी होऊन दुपारी दोन वाजता टायरची हवा कमी करून घेताना मी पाहिली आहेत. साधारण धरा, दर दहा अंशांना दीड. मे महिन्यात पहाटे पाच वाजता अठ्ठावीस भरली. दुपारी आमच्या जिल्ह्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला जातो, डांबर त्याहून तापतं, त्यावर घासून टायर साठ अंशांपर्यंत गेला तर पडदा साडेबत्तीस दाखवणार. ही वाढ पुस्तकवाल्यांनी आधीच धरलेली असते. त्यांचा आकडा थंड टायरचा असतो. तापलेल्या टायरची हवा सोडली तर संध्याकाळी टायर भाकरीसारखा चपटा होतो. थंड टायर म्हणजे तीनेक तास उभ्या असलेल्या गाडीचा, सावलीतला. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात असा टायर फक्त पहाटे भेटतो, तेंदूपत्त्याला निघालेल्या बायांसोबत.

डिसेंबरात उलटं. दिवसा बाराला भरलेली अठ्ठावीस पहाटेच्या दहा अंशांत पंचवीस होते. कुठेही पंक्चर नाही, कुणाचीही चूक नाही. रेघ फार वर लावलेली असेल तर घंटी वाजते. ती थंडीची घंटी. ती ओळखायला शिका, पण फार चांगली शिकू नका. का, ते सातव्या धड्यात.

उन्हाचा दुसरा मार पडद्याला. शाळेसमोर भर उन्हात गाडी लावली तर पडद्याची काच काळी पडते आणि सावलीत आणल्यावर परत उजळते. सूर्यावर चार्ज होणारे पडदे मिळतात. सूर्याची टंचाई आपल्याकडे नाही, पण त्या पडद्याची आणि सूर्याची मैत्री जास्त होऊ देऊ नका. दुपारी काढून खिशात ठेवा.

धडा सहावा: काय काय घुसतं

परदेशी माहितीपत्रकात खिळा आणि काच एवढंच असतं. आपल्याकडचा अभ्यासक्रम मोठा. बाभळीचा काटा, जो कुंपणासाठी ओढत नेलेल्या फांदीतून रस्त्यावर सांडतो. बोरीचा काटा, वाकडा आणि चिवट. बांबूची पाचर. मंडप उतरल्यावर राहिलेल्या चुका. पण सगळ्यांत खानदानी पंक्चर बैलाच्या पत्रीच्या खिळ्याचं. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकतात, ती झिजते, चालता चालता तिचा एखादा खिळा गळतो आणि रस्त्यात डोकं खाली, टोक वर करून वाट बघतो. वापरण्याजोगा हवेचा टायर 1887-88च्या सुमारास बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या माणसाने बनवला, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. धंद्याने तो जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या टायरला सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर गोंडपिपरी तालुक्यात बैलाच्या पायातला खिळा लागतो, याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

धडा सातवा: प्रात्यक्षिक

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात. वडशाच्या कंपन्या येतात. नाटक रात्री अकराला सुरू झालं तर लवकर झालं म्हणतात आणि संपतं तेव्हा कोंबडे आरवत असतात. डिसेंबरात एकदा मी आणि एक ग्रामसेवक मित्र असे एका गाडीवर गेलो. निघताना दुपारची मागे अठ्ठावीस होती. दोघं बसणार म्हणून वाढवायला हवी होती. पाचवा धडा मी तेव्हा लिहिलेला नव्हता.

नाटक पावणेपाचला संपलं. नायकाच्या आईचं रडणं अजून कानात होतं. मफलर गुंडाळले, निघालो. परतीचा रस्ता कन्हाळगाव अभयारण्याच्या बाजूच्या जंगलातून जातो. 2020च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने या अभयारण्याला मान्यता दिली. वाघ त्याच्या आधीपासून होते, त्यांना मान्यता लागली नव्हती. रस्त्याच्या कडेला वनखात्याचा फलक आहे, ‘वन्यप्राण्यांचा वावर, वाहन थांबवू नये’. फलकावर वाघाचं चित्र आहे आणि ते चित्रकाराने मन लावून काढलं आहे.

फलक मागे पडला आणि घंटी वाजली.

‘‘काय झालं?’’ मित्र मागून.

‘‘थंडी. पहाटे तीन-चार पॉइंट उतरते.’’

पुन्हा वाजली. पडद्यावर मागे वीस. माझी रेघ एकवीसवर. थंडीने पंचवीसपर्यंत यायला हवं होतं, वीसपर्यंत नाही. हे गणित मी मनात करेपर्यंत सतरा झाले.

‘‘मास्तर, थांबा अन् पाहा ना एकदा.’’

‘‘फलक वाचला नाही का तुम्ही?’’

‘‘मग ते बंद तरी करा. एवढ्या आवाजाने जे यायचं नाही ते येईल.’’

आवाज बंद करायचं बटण तेच, जे एकक बदलतं. हातमोज्याने दाबलं तर पडदा बारमध्ये गेला. 0.8. पुढे बघावं तर हेडलाइटच्या उजेडात फक्त सागाची पानं, पडद्यावर बघावं तर 0.6, मागची बैठक कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मित्राने माझा कोट दोन्ही हातांनी धरला. आम्ही दोघंही काही बोलत नव्हतो, घंटी बोलत होती. पंधराच्या वेगाने, चाकाच्या धपधपीवर, तीन-साडेतीन किलोमीटर तसेच रेटले, गावाची पहिली कुत्री भुंकेपर्यंत. त्या कुत्र्यांचा आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

चौकातल्या टपरीपुढे शेकोटी पेटली होती. तिथे बसून उजाडायची वाट पाहिली. मग ओळखीच्या एका मॅजिकमध्ये गाडी टाकून गोंडपिपरीला आलो आणि नेहमीच्या पंक्चरवाल्याच्या दारात उतरवली. तो दात घासत बाहेर आला. चाक खोललं. ट्यूब बाहेर ओढली तेव्हा ती ट्यूब राहिली नव्हती, चिंध्या होत्या. वॉल्व्ह बुडापासून तुटून रिमच्या भोकात तसाच उभा होता, त्यावर काळी टोपी, एक ओरखडा नाही. टायर उलटा करून त्याने बोटाने आतून चाचपलं, थांबला, पकडीने काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आखूड, झिजलेल्या डोक्याचा पत्रीचा खिळा, एका बाजूने चकाकणारा.

मग त्याने हँडलवरच्या पडद्याकडे बोट केलं.

‘‘मशीन काय म्हणते?’’

‘‘शून्य.’’

‘‘मग बराबर आहे तुमची मशीन,’’ तो म्हणाला आणि नवी ट्यूब काढायला आत गेला.